डॉक्टरांची ‘रवंथ’

आमचे डॉक्टर काही खरे डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मला उगीच खोटं बोलल्यासारखं वाटत राहील. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. लसी टोचायच्या, खुरं बघायची, पोट फुगलेल्या बैलाला औषध पाजायचं, हे त्यांचं काम. पण गळ्यात सदासर्वकाळ स्टेथोस्कोप असायचा. त्यामुळे सगळी परभणी त्यांना डॉक्टर म्हणायची, आणि ते कुणाला दुरुस्त करत नसत.

सदासर्वकाळ हे मी वाढवून लिहीत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात ते बास गिटार वाजवायचे, तेव्हाही तो गळ्यात असायचा. निळा झगमगीत कोट, त्यावर गिटारचा पट्टा आणि पट्ट्यावर रबरी नळी. लोकांना वाटायचं, हा नकलाकार आहे. ते बिचारे नकलेची वाट बघत बसायचे. कार्यक्रम संपायचा, नक्कल काही व्हायची नाही. त्या ऑर्केस्ट्रात मी की-बोर्डवर आणि शफी ड्रमवर. गाणारे बदलत राहिले, आम्ही तिघं तेच राहिलो.

जी वस्तू आतून पोकळ आहे, तिला डॉक्टर स्टेथोस्कोप लावायचेच. माठ, टीपाड, पेटी, दुसऱ्याच्या घरचा दरवाजा. माझ्या लग्नात रुखवत मांडला होता. डॉक्टर वाकून पितळी हंड्याला कान देऊन बसले. सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, हंड्याला चीर गेलीय की काय. डॉक्टरांनी नळ्या कानातून काढल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “सुरात हाय. पोरगी चांगल्या घरची हाय.” माझी बायको अजून तो हंडा मोडीत काढू देत नाही.

एसटीत ते मागे कधी बसायचे नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणाला गुडघा टेकून उभे राहायचे. पालमच्या गाडीचा एक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. तो म्हणायचा, “डॉक्टर, मागं जागा रिकामी हाय की. बसा ना.”

“मागं नुसता धुरळा हाय. सूर इथं हाय.”

“कसला सूर? इंजिन बोंबलायलंय ते.”

“तिसऱ्या गिअरमधी बेसूर व्हायलंय. डेपोत दाखवा.”

ड्रायव्हरनं पुढं डेपोत दाखवलं की नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरांसाठी झाकणावर गोणपाट टाकून ठेवलं होतं.

खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा सूर. डॉक्टरांना जगात त्याच्याखेरीज फारसं काही नको होतं. साध्या गिटारला सहा तारा, त्यांच्या बासला चारच, जाड. गावात लोक हळहळायचे, “दोन तारा तुटल्यात हो बिचाऱ्याच्या.” डॉक्टर मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडील, म्हणजे आप्पा, पालमजवळच्या एका खेड्यात राहायचे. तरुणपणी गजीनृत्याला ढोल बडवायचे. डॉक्टर सांगायचे की लहानपणी ते ढोलाच्या मागच्या बाजूला, बापाच्या पायाशी झोपायचे आणि ढोल थांबला की जागे व्हायचे. हा सगळा प्रकार तिथून सुरू झाला असावा.

आता आमचा कार्यक्रम कसा व्हायचा ते सांगायला हवं. त्या काळी आवाजाला भोंगे असायचे, पत्र्याचे, झाडाला किंवा बांबूला बांधलेले. भोंग्यातून बाईचा आवाज, बासरी आणि माझा की-बोर्ड दोन शेतांपलीकडं जायचा. पण खर्ज भोंग्यातून निघत नाही. तो भोंग्याच्या नरड्यातच मरतो. म्हणजे डॉक्टर गणपतीत, यात्रेत, जयंतीत वर्षानुवर्षं वाजवत होते, आणि स्टेजवरच्या आम्हा तिघाचौघांखेरीज त्यांना कुणी ऐकलेलंच नव्हतं. हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. टाळ्या मला मिळायच्या. गाण्याच्या मधल्या जागेत मी उजव्या हातानं काहीतरी भुर्रकन वाजवायचो, शिट्ट्या पडायच्या, आणि मला डाव्या बाजूला डॉक्टरांकडं बघवायचं नाही.

पोखर्णीला नृसिंहाच्या यात्रेत आमचा कार्यक्रम होता तेव्हा आप्पा आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. लेक वाजवतो म्हणून पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. सगळा कार्यक्रम त्यांनी एकाच जागी नजर ठेवून ऐकला. संपल्यावर डॉक्टर घाम पुसत खाली उतरले.

“कसं वाटलं आप्पा?”

आप्पांनी तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली. “पोरं चांगली हायत. त्यो ढोलवाला तं लय भारी. पेटीवाला बी बरा हाय.”

“आन मी?”

“समदे वाजवायलेत लेका, आन तू नुसता खाजवायलास.”

बास पोटाशी धरतात आणि बोटांनी तारा हळूच ओढतात. आवाज आला नाही तर ते तसंच दिसतं, त्याला काय करणार! शफी हसून हसून ड्रमच्या खोक्यावर बसला. डॉक्टरही हसले. नंतर कित्येकदा हा किस्सा त्यांनी स्वतःच लोकांना सांगितला. पण परतीच्या टेम्पोत मला राहवलं नाही. मी विचारलं, “डॉक्टर, माझ्या की-बोर्डमुळं तुमचं झाकलं जातंय का? माझ्यावर राग आहे का तुमचा?”

उत्तर आलं नाही. डॉक्टरांचं असंच होतं. त्यांना काही विचारलं की ते तोंड हलवत राहायचे, जसं काही तो प्रश्न अजून चावून झालेला नाही. मग उत्तर यायचं ते आठवड्यानं, महिन्यानं, भलत्याच ठिकाणी. चहा घेणार का म्हणून विचारावं आणि परवाच्या गाण्याची पट्टी कळावी. या खेपेला उत्तर पोळ्याला आलं. बैलांच्या मिरवणुकीत हलग्यांचा कल्लोळ चालला होता. डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “न्हाई. पर येकदा आप्पाला ऐकू गेलं पायजे.”

मी प्रश्न विसरून गेलो होतो. काय ऐकू गेलं पाहिजे, हे मला घरी गेल्यावर कळलं.

कृषी विद्यापीठात तेव्हा बाहेरदेशचे विद्यार्थी असायचे. सुदानचा एक मुलगा दुग्धशास्त्र शिकायला आला होता. डॉक्टर तिथल्या गोठ्यात लसी टोचायला जायचे तेव्हा दोघांची ओळख झाली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मात्र दोघंही गाईच्या पोटाला कान लावून तासभर बसू शकत होते. तो मुलगा शिकून परत जाताना डॉक्टरांना एक कॅसेट देऊन गेला. वर नाव नाही, गाव नाही. कुणीतरी घरी भरलेली.

ए बाजूला जॅझ होतं. दुपारी कामं आटोपल्यावर ओट्यावर बसून माणसं बोलतात तसं: एकानं विषय काढायचा, दुसऱ्यानं वळवायचा, तिसऱ्यानं भलतीकडंच न्यायचा. बी बाजूला मेटल, म्हणजे कर्कश रॉक. त्यात ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, आणि गिटार म्हणजे गिरणीचा पट्टा घसरावा तसं. पण दांडगाईतही हिशोब होता. मात्रा अशा तोडलेल्या, की पाय ठेवायला जावं तिथं जमीनच नसावी. डॉक्टरांची पक्की समजूत झाली की दोन्ही बाजूंना एकाच पार्टीची माणसं वाजवत आहेत. पुढची दोन वर्षं ते ही कॅसेट उलटसुलट करून ऐकत राहिले.

“मालक,” ते मला मालक म्हणायचे, आमच्या घरी जमीन आणि काकांचं कापसाचं जिनिंग म्हणून, थट्टेनं. “मालक, ए बाजूला ही मानसं गप्पा मारायलीत. बी बाजूला त्यायचंच भांडण लागलंय. मधी काय झालं, ते काय भरलेलं न्हाई. ते शोधायचं.”

शफीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अरे डाक्टर, दो अलग अलग पार्ट्या हैं ये. किसी ने एकीच टेप में भर डाला.”

डॉक्टर तोंड हलवत राहिले. पंधरा दिवसांनी शफी आपल्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता, तिथं जाऊन ते म्हणाले, “भरणाराला ठाऊक होतं.” आणि निघून आले.

तर मधे काय झालं ते शोधण्यासाठी आम्ही तिघांनी एक कॅसेट काढायची असं ठरलं. गाणं नाही, शब्द नाही. पुढं बास, मागं ड्रम आणि की-बोर्ड. नाव ‘रवंथ’. आता माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्यानं मागे ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली, कानावर मोठे हेडफोन लावून ऐकली आणि मला म्हणाला, “बाबा, हे जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह मेटल आहे. परभणीत कुणी केलं हे?” मी म्हणालो, “जनावरांच्या डॉक्टरांनी.” त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

तालमी शफीच्या दुकानामागं व्हायच्या. पहिला तुकडा सात मात्रांचा होता. शफीला सात येत नव्हते असं नाही, पण त्याचे सात गोल यायचे, भजनातल्यासारखे. डॉक्टरांना अडखळणारे हवे होते.

“सात में कौन नाचेगा, डाक्टर?”

“कुणाला नाचवायचंय? चल माझ्यासंगं.”

त्यांनी शफीला सायकलच्या दांडीवर बसवून शहराबाहेर नेलं. तिथं मेंढरांचा कळप बसला होता. त्यात एक मेंढी मागच्या पायानं लंगडत होती. डॉक्टरांनी तिला उठवलं आणि शफीला तिच्यामागं चालायला लावलं. चार पावलं सरळ, मग तीन कशीबशी, पुन्हा चार. शफी बराच वेळ मांडीवर थापा मारत तिच्यामागं फिरला. मेंढरं राखणारी बाई काठी घेऊन धावून आली, “काहून मागं लागलास रे तिच्या?” शफी म्हणाला, “तालीम लेरा हूँ, मौसी.” परत आला तेव्हा त्याचे सात लंगडत होते. डॉक्टरांनी त्या मेंढीचा पाय नंतर बरा केला. शफीला त्याचं वाईट वाटलं.

मेटलचा फाटका आवाज काढायला आमच्याकडं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी एक जुना वॉल्व्हचा रेडिओ मिळवला, बास त्यात जोडला आणि आवाज पूर्ण मोठा केला. पहिल्या तारेला शेजारच्या घरातली भांडी फळीवरून उतरली. शेजारीण ओरडत आली. डॉक्टर तिच्या पाया पडले आणि म्हणाले, “माय, कोणतं भांडं आधी पडलं?”

आता जी गोष्ट लिहायची आहे ती मी पुढं ढकलत होतो.

आमचं रेकॉर्डिंग काकांच्या जिनिंगच्या गोदामात झालं. कापसाच्या गाठी चारही बाजूंनी रचलेल्या असल्या की आवाज घुमत नाही, तो गाठीत मुरतो. डॉक्टरांनी गाठीला स्टेथोस्कोप लावून हे नक्की केलं होतं. पण जिनिंग दिवसभर चालायचं, ट्रकचे हॉर्न, रस्त्यावरचे भोंगे. पूर्ण शांतता फक्त बंदच्या दिवशी मिळायची. आणि त्या वर्षांत मोठ्या विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद वरचेवर व्हायचे. कधी नाव द्या म्हणून, कधी देऊ नका म्हणून. दुकानं बंद, एसटी बंद, जिनिंग बंद. आम्ही तिघं गोदामाचं दार आतून लावून वाजवायचो. गावात लोकांच्या जिवाला घोर, कुणाची घरं आधी जळलेली, कुणाला पुन्हा जळतील अशी धास्ती, आणि मला मात्र सकाळी उठून रस्ता शांत दिसला की आत कुठंतरी बरं वाटायचं. आमच्या घरात नामांतराबद्दल काय बोललं जायचं ते मी ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. ते बरं वाटणं आणि ते गप्प बसणं अजून माझ्याजवळ आहे.

एकदा गोदामात तारा जोडता जोडता मी हे डॉक्टरांना बोलून दाखवलं. “आपण हे बरोबर करतोय का?” डॉक्टर तोंड हलवत तारा जोडत राहिले.

पुढच्या बंदला डॉक्टर वेळेवर आलेच नाहीत. मी आणि शफी गाठींवर बसून कंटाळलो. दुपार कलल्यावर दारावर थाप पडली. डॉक्टर उभे होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अंगाला जनावराच्या वारेचा आणि शेणाचा वास. रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत एकाची म्हैस विताना अडली होती. नामांतरासाठी मोर्च्यात गेलेली माणसं अजून परतली नव्हती, घरी बायका आणि लेकरं. गाडी मिळत नाही म्हणून डॉक्टर चालत गेले होते. वाटेत दोनदा त्यांना अडवलं, दोन वेगवेगळ्या बाजूंच्या माणसांनी. दोघांनाही त्यांनी स्टेथोस्कोप दाखवला.

“वासरू?” शफीनं विचारलं.

“मादी हाय, रेडी. उभी राहिली.” त्यांनी बादलीत हात धुतले, बास उचलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “मालक, आधी म्हैस, मग खर्ज. तसं असंल तर बरोबर हाय.”

त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं, तेच कॅसेटच्या बी बाजूला सुरुवातीला आहे. बास एकटाच. बराच वेळ एकच सूर, मग त्याच्या खालचा. शफी आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. वाजवायची आमची पाळी आली तेव्हा मला दोन मात्रा उशीर झाला, आणि डॉक्टरांनी तो तसाच ठेवला.

कॅसेट भरून झाल्या, खोकं भरून आलं. कव्हरवर म्हशीचं तोंड, शफीच्या भाच्यानं काढलेलं. बसस्टँडजवळच्या एका कॅसेटच्या दुकानदारानं ओळखीखातर ठेवून घेतल्या. मी घरच्या छोट्या टेपवर लावून ऐकली आणि डॉक्टरांना म्हणालो, “लय भारी झालंय.” खरं सांगायचं तर मला मुख्यतः माझाच की-बोर्ड ऐकू आला होता.

आठवड्याभरात कॅसेट परत यायला लागल्या. दुकानदारानं निरोप पाठवला, माल खराब आहे. आम्ही तिघं गेलो. तिथं एक गिऱ्हाईक तावातावानं बोलत होतं.

“टेप अडकायलीय हो! सुरू होती, पुन्ना मधीच बंद पडती. पुन्ना वाजती. बी बाजू तं निम्मी कोरीच हाय.”

दुकानदारानं आपल्या टेपवर लावून दाखवली. काउंटरवरचा तो तळहाताएवढ्या स्पीकरचा टेप. खरंच, बास एकटा वाजायचा तिथं नुसती खरखर येत होती. आम्ही सगळ्यात साधी गोष्ट विसरलो होतो. भोंग्यातून जे येत नव्हतं, ते या डबीतून कसं येणार? जिल्ह्यात ज्यांच्याकडं टेप होते, त्यांच्याकडं असलेच होते. जो माणूस ऐकू यावा म्हणून कॅसेट काढली, नेमका तोच कॅसेटवर कोरा निघाला होता.

शफी हळूच म्हणाला, “या अल्ला.”

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, नळ्या त्या गिऱ्हाइकाच्या कानात घातल्या आणि चकती स्पीकरच्या लाकडाला टेकवली. “गप उभं ऱ्हा. आयक.”

तो माणूस घाबरून उभा राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले.

“आयला! ह्यात तं म्हैस बोलायलीय!”

“मग? बंद हाय का चालू हाय?”

“चालू हाय की!”

त्यानं कॅसेट परत घेतली. पण सगळ्या गिऱ्हाइकांना स्टेथोस्कोप कुठून देणार? खोकं आमच्याकडं परत आलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. डॉक्टरांनी मात्र त्यातली एक कॅसेट खिशात टाकली आणि टुरिंग टॉकीजवाल्याचा पत्ता शोधायला लागले. तंबूतला सिनेमा तेव्हा संपत आला होता. एका बंद पडलेल्या टॉकीजचा पडद्यामागचा मोठा स्पीकर, परातीएवढा, त्यांना हवा होता. तो मिळाला. त्याला पेटी मात्र नव्हती, आणि पेटीशिवाय त्यातून खर्ज निघत नव्हता.

“पेटी आप्पाच्या घरी हाय,” ते म्हणाले.

आम्ही तिघं पालमच्या गाडीनं निघालो. स्पीकर माझ्या मांडीवर, अॅम्प्लिफायर आणि टेप शफीकडं, बॅटरी पायाशी. डॉक्टर पुढं, गोणपाटावर गुडघा टेकून. वाटेत त्यांनी मला सांगितलं की गेल्या काही वर्षांत आप्पांचे कान गेले आहेत. पण सगळे नाही. वरचे गेले, खालचे राहिले. शेळीच्या गळ्यातली घंटी त्यांना ऐकू येत नाही, सुनेची हाक येत नाही, शिट्टी तर नाहीच. म्हैस हंबरली की कळतं, ढग गडगडले की कळतं, एसटी आली की सगळ्या गावाआधी कळतं. माणसाशी बोलायचं तर जाड आवाजात, छातीतून बोलावं लागतं.

आप्पा सोप्यात कणगीला पाठ टेकून बसले होते. कणगी म्हणजे धान्य साठवायची मोठी बांबूची टोपली, पुरुषभर उंच, शेणामातीनं लिंपलेली. ही त्यांची नेहमीची जागा. डॉक्टरांनी कणगीला स्टेथोस्कोप लावला, बोटानं वाजवलं आणि मान हलवली. मग झाकण काढून स्पीकर कणगीच्या तोंडावर पालथा ठेवायला लागले. वहिनी, म्हणजे त्यांच्या भावाची बायको, धावत आली.

“भाऊजी, तळाला ज्वारी हाय हो त्यात!”

“ऱ्हाऊ द्या. ज्वारीलाबी ऐकू द्या.”

स्पीकरच्या कडेनं ओली माती लिंपली. बॅटरी जोडली. आप्पा हे सगळं मान न वळवता सहन करत होते. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर उकिडवं बसून जाड आवाजात सांगितलं, “आप्पा, वाजवून आणलंय. टेकून बसा.”

आप्पांनी हात झटकला. “पोखर्णीला बगितलंय मी तुझं वाजवणं.”

डॉक्टरांनी टेपच्या बटणावर बोट ठेवलं, पुन्हा काढलं आणि स्पीकरच्या कडेची माती परत एकदा दाबून बघितली. आता पुन्हा काही ऐकू गेलं नाही तर या माणसाचं काय होईल, हे माझ्या मनात आलं. त्यांनी बी बाजू लावली.

पहिल्या सुरालाच तळाची ज्वारी थरारली, आणि कणगीच्या आतून पाऊस सुरू झाल्यासारखी कुजबुज आली. मग जमीन बोलल्यासारखा तो सूर सोप्यात पसरला. मलाही तो त्या दिवशी पहिल्यांदा पुरा ऐकू आला. आप्पा ताठ झाले. त्यांनी पाठ कणगीवरून उचलली, पुन्हा टेकवली. दोन्ही तळवे मागे नेऊन लिंपणावर ठेवले. डोळे मिटले. बाहेर गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. डॉक्टरांचा एकटा बास चालत राहिला, एक सूर, मग त्याखालचा, आणि आप्पांची मान त्याबरोबर हळूहळू खाली जात राहिली.

मग दोन मात्रा उशिरानं माझा की-बोर्ड आला. बास थांबला, ड्रम अजून यायचा होता. ती माझी जागा होती, वरच्या पट्टीत, चांगली लांबलचक. अख्ख्या कॅसेटवर मला सगळ्यात आवडलेली.

आप्पांनी डोळे उघडले. कणगीवर थाप मारली. “बंद पडलं की रे!”

शफीनं माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांकडं. डॉक्टर गुडघ्यात मान घालून हसत होते, खांदे हलत होते.

“न्हाई आप्पा,” ते छातीतून म्हणाले. “चालू हाय. आता ह्यो वाजवायलाय.” आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पोखर्णीचा बरा पेटीवाला त्यांना आठवला नसावा. कान देऊन त्यांनी थोडं ऐकायचा प्रयत्न केला. सोप्यात माझा की-बोर्ड जीव तोडून वाजत होता.

“ह्यो? ह्यो काय करायलाय?”

डॉक्टरांनी या एका प्रश्नाचं उत्तर आठवडाभर चावलं नाही.

“ह्यो नुसता खाजवायलाय, आप्पा.”

शफी ओट्यावरून खाली पडला. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. पोखर्णीपासून माझ्या पाठीवर जे बसलं होतं ते त्या सोप्यात उतरलं असावं. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

“खाजवू दे बिचाऱ्याला,” ते म्हणाले, आणि पाठ पुन्हा कणगीला नीट टेकवली. “तू फिरून लाव. तू हायस तितून.”

डॉक्टरांनी टेप थांबवला आणि कॅसेट मागं फिरवायला घेतली. थोडी फिरवायचे, थांबवायचे, कणगीला कान लावायचे, पुन्हा फिरवायचे. कुठून लावावं, ते त्यांना ठरवता येईना. ते तर सगळीकडंच होते.